सभेतील ठराव, मतदान आणि ‘नाही’ म्हणणाऱ्याचा मान

(सुवर्ण महोत्सवानिमित्त योजलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



संस्थेची पन्नास वर्षे म्हटली की डोळ्यांसमोर येतात त्या वास्तू, देणगीदारांच्या नावांच्या पाट्या आणि वर्षानुवर्षे चाललेले उपक्रम. परंतु प्रत्येक जुन्या संस्थेच्या कपाटात आणखी एक ठेवा असतो आणि त्याच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. तो ठेवा म्हणजे सभेच्या इतिवृत्ताची वही. जागा विकत घ्यावयाची, सभागृह बांधावयाचे, विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती द्यावयाची, यांपैकी प्रत्येक गोष्ट कधी तरी कोणी ठराव म्हणून मांडलेली असते, दुसऱ्या कोणी तिला अनुमोदन दिलेले असते आणि सभेने ती स्वीकारलेली असते. संस्था उभी राहते ती विटांवर, आणि चालते ती या ठरावांवर.

या वह्यांमध्ये ‘सर्वानुमते मंजूर’ हे शब्द वारंवार आढळतात. ज्या सभेत खरोखरच सर्वांचे एकमत होते ती सभा धन्य होय. परंतु पुष्कळदा असे घडते की, ठराव वाचला जातो, कोणी तरी ‘मंजूर, मंजूर’ म्हणतो, टाळ्या वाजतात आणि सभा पुढच्या विषयाकडे वळते. मागच्या रांगेत ज्याच्या मनात शंका होती त्याला ती बोलून दाखवण्यास अवसरच मिळत नाही. तो गप्प बसतो. त्याचे मौन संमती म्हणून लिहिले जाते. आणि दोन वर्षांनी तेच मौन तक्रारीच्या रूपाने धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात बोलू लागते. ‘होय’ला वजन येते ते ‘नाही’ म्हणण्याची खरी संधी दिल्यामुळे. सभेतील मतदानाचे सारे नियम या एका सूत्रातून उमगतात.

हे नियम परक्यांकडून उसने आणलेले आहेत असा एक समज आहे. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेतील आपल्या समारोपाच्या भाषणात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या समजाला उत्तर दिले होते. प्राचीन भिक्षुसंघांना आसनव्यवस्था, प्रस्ताव, ठराव, गणपूर्ती, मतगणना, गुप्त मतदान यांविषयीचे नियम ठाऊक होते, हे त्यांनी सभागृहाच्या निदर्शनास आणले. विनयपिटकात याचा तपशील मिळतो. संघापुढे मांडावयाच्या प्रस्तावाला ‘ञत्ति’ म्हणत. महत्त्वाच्या कार्यात प्रस्ताव मांडल्यावर तो तीनदा विचारला जाई आणि तिन्ही वेळा कोणी हरकत घेतली नाही तरच संमती मानली जाई. मौन ही संमती खरी, पण तीनदा विचारल्यानंतरची. वाद मिटला नाही तर लाकडी शलाका वाटून मते घेतली जात. गुप्तपणे, कानात सांगून आणि उघडपणे अशा मत घेण्याच्या तीन पद्धती होत्या. शलाका गोळा करणारा भिक्षू संघाने नेमावयाचा. आणि त्याची पात्रता अशी की, त्याने आवड, द्वेष, मोह आणि भय यांच्या आहारी जाता कामा नये आणि कोणते मत घेतले, कोणते राहिले हे त्याला कळले पाहिजे. मते मोजणाऱ्यासाठी याहून चांगली पात्रता आजही सांगता येणार नाही.

आधुनिक काळात स्वयंसेवी संस्थांसाठी सभेचे नियम एकत्र करण्याचे मोठे काम हेन्री मार्टिन रॉबर्ट या अमेरिकन लष्करी अभियंत्याने केले. १८६३ साली मॅसॅच्युसेट्समधील न्यू बेडफर्ड येथे चर्चमधील एका सभेचे अध्यक्षपद अचानक त्यांच्याकडे आले. सभा कशी चालवावी हे त्यांना माहीत नव्हते आणि सभेचा गोंधळ झाला. पुढे त्यांनी या विषयाचा कसून अभ्यास केला आणि १८७६ साली सभानियमांचे आपले पुस्तक प्रसिद्ध केले. त्याच्या सुधारित आवृत्त्या अमेरिकेतील असंख्य संस्था आजही प्रमाण मानतात. एका धार्मिक समाजाच्या सभेतील गोंधळातून हे पुस्तक जन्मले, ही गोष्ट धार्मिक संस्थांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. सद्भाव असला म्हणजे नियमांची गरज नाही, असे नाही.

आता ठरावाचा प्रवास पाहू. ठराव हा ‘असे ठरविण्यात येत आहे की’ या शब्दांपुढे बसेल अशा एका निश्चित वाक्यात असावा. ‘सभागृहाच्या दुरुस्तीबाबत विचार करणे’ हा विषय झाला, ठराव नव्हे. कोणते काम, किती खर्चापर्यंत, कोणत्या निधीतून आणि कोणी करावयाचे, हे लिहिले म्हणजे ठराव झाला. सूचकाने तो मांडावा, अनुमोदकाने त्यास अनुमोदन द्यावे आणि अध्यक्षांनी तो सभेला पुन्हा वाचून दाखवावा. सभासद मत देतात ते या शब्दांवर. चर्चेच्या ओघात कोण काय म्हणाले त्यावर नव्हे.

ठरावाला कोणी उपसूचना मांडली तर आधी उपसूचनेवर मत घ्यावयाचे आणि नंतर मूळ ठरावावर. उपसूचना संमत झाली तर बदललेला ठराव पुन्हा वाचून त्यावर स्वतंत्र मत घ्यावे लागते. पुष्कळ सभा येथे घसरतात. समजा, दहा लाखांऐवजी सात लाख खर्च करावेत अशी उपसूचना संमत झाली. तेवढ्याने सात लाख मंजूर झाले असे होत नाही. आकडा सात लाखांचा असावा, इतकेच सभेने ठरवले. तो खर्च करावयाचा की नाही, हा प्रश्न अद्याप उभाच आहे. ज्याला खर्चच नको, त्यानेही निदान कमी खर्च व्हावा म्हणून उपसूचनेला मत दिलेले असू शकते. त्याचे दुसरे मत विचारलेच नाही, तर त्याच्या नावावर त्याने न दिलेला होकार चढतो.

चर्चा केव्हा थांबवावी, हाही नाजूक प्रश्न आहे. ‘आता मत घ्या’ असे म्हणण्याचा अधिकार सभासदाला आहे. परंतु लोकसभेच्या नियमांप्रमाणे चर्चा बंद करण्याचा प्रस्ताव हा नियमांचा दुरुपयोग आहे किंवा वाजवी चर्चेच्या हक्कावर त्याने घाला पडतो असे अध्यक्षांना वाटले, तर तो ते स्वीकारत नाहीत. रॉबर्ट यांच्या नियमांत चर्चा बंद करण्यास साधे बहुमत पुरत नाही, दोन तृतीयांश मते लागतात. निर्णय बहुमताने व्हावा, पण दुसऱ्याचे तोंड बंद करणे मात्र निसटत्या बहुमताला जमू नये, असा त्यामागचा विचार आहे.

यानंतर प्रत्यक्ष मतदान. आवाजी मतदान ही पद्धत सर्वांच्या परिचयाची आहे. परंतु तिचा उत्तरार्ध फारच थोड्यांना ठाऊक असतो. लोकसभेत चर्चा संपल्यावर अध्यक्ष अनुकूल असणाऱ्यांना ‘होय’ आणि प्रतिकूल असणाऱ्यांना ‘नाही’ म्हणण्यास सांगतात. दोन्ही आवाज ऐकून ते आपले मत देतात की, बहुमत ‘होय’ म्हणणाऱ्यांचे आहे ‘असे वाटते’. या पहिल्या वाक्यात निर्णय नसतो, अंदाज असतो. त्याला कोणी आक्षेप घेतला नाही तरच ते वाक्य ‘असे वाटते’ हे शब्द गाळून दोनदा उच्चारले जाते आणि निर्णय पक्का होतो. कोणी आक्षेप घेतला तर लॉबी मोकळी करण्याची आज्ञा होते, साडेतीन मिनिटांनी प्रश्न पुन्हा विचारला जातो आणि तरीही आक्षेप कायम राहिला तर मतविभागणी होते. म्हणजे यंत्राने, चिठ्ठ्यांनी किंवा सभासदांनी लॉबीत जाऊन, प्रत्येक मत नावानिशी नोंदवले जाते. मतविभागणीची मागणी अकारण आहे असे अध्यक्षांना वाटल्यास सभासदांना आपापल्या जागी उभे करून शिरगणती करण्याचीही सोय नियमांत आहे. आवाजी मतदान हे सभेचा वेळ वाचवण्याचे साधन आहे. आवाज मोठा असणे म्हणजे संख्या मोठी असणे नव्हे, म्हणून मोजणीची मागणी झाली की ती टाळण्यात अध्यक्षांचा मोठेपणा नसतो. तत्काळ मोजून दाखवण्यात असतो.

एका मताचे मोल काय, हे १७ एप्रिल १९९९ रोजी साऱ्या देशाने पाहिले. पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्या सरकारवरील विश्वासदर्शक प्रस्तावाच्या बाजूने २६९ आणि विरोधात २७० मते पडली आणि सरकार गेले. त्याउलट २० सप्टेंबर २०२३ रोजी लोकसभा व विधानसभांत महिलांना एक तृतीयांश जागा राखून ठेवणारे घटनादुरुस्ती विधेयक लोकसभेत ४५४ विरुद्ध २ मतांनी संमत झाले. ते दोन विरोध मोजले गेले आणि नोंदलेही गेले. त्यामुळे ४५४ हा आकडा उणावला नाही. उलट तो विश्वासार्ह झाला.

मोजणीतही सावधपणा हवा. १७ डिसेंबर २०२४ रोजी एकाच वेळी निवडणुका घेण्याविषयीचे घटनादुरुस्ती विधेयक लोकसभेत मांडण्याच्या प्रश्नावर मतविभागणी झाली. नव्या संसद भवनातील लोकसभेत यंत्राने मते घेण्याची ती पहिलीच वेळ. यंत्रावर प्रथम २२० विरुद्ध १४९ असे आकडे दिसले. चिठ्ठ्यांवरची मते मिळवून अंतिम निकाल २६९ विरुद्ध १९८ असा जाहीर झाला. देशाच्या सर्वोच्च सभागृहालाही मते दुरुस्त करून घ्यावी लागतात; मग गावच्या सभेत फेरमोजणी मागणाऱ्यावर अविश्वासाचा ठपका ठेवण्याचे कारण नाही.

बहुमत म्हणजे कोणाचे बहुमत, हा पुढचा प्रश्न. संविधानाच्या अनुच्छेद १०० नुसार संसदेत सामान्य प्रश्नांचा निर्णय ‘उपस्थित राहून मतदान करणाऱ्या’ सभासदांच्या बहुमताने होतो. जो तटस्थ राहिला तो या हिशेबात धरला जात नाही. २२ जुलै २००८ रोजी डॉ. मनमोहन सिंग यांच्या सरकारने विश्वासदर्शक प्रस्ताव २७५ विरुद्ध २५६ मतांनी जिंकला. १० सभासद तटस्थ राहिले. ते दहा ना इकडे मोजले गेले ना तिकडे. परंतु एखाद्या संस्थेच्या घटनेत ‘उपस्थित सभासदांच्या बहुमताने’ असे शब्द असतील आणि त्यांपुढे ‘व मतदान करणाऱ्या’ हे नसेल, तर तटस्थाचे गप्प राहणे परिणामी ठरावाच्या विरोधात जाते. ‘एकूण सभासदांच्या’ असे असेल तर घरी बसलेल्याची अनुपस्थितीही विरोधी मताचे काम करते. म्हणून मतदानापूर्वी नियमावलीतील तो शब्द अध्यक्षांनी मोठ्याने वाचून दाखवणे हे शहाणपणाचे.

घटनादुरुस्तीसाठी संसदेच्या प्रत्येक सभागृहात दोन अटी असतात : एकूण सदस्यसंख्येचे बहुमत आणि उपस्थित राहून मतदान करणाऱ्यांपैकी किमान दोन तृतीयांश मते. ५ सप्टेंबर १९७० रोजी माजी संस्थानिकांचे तनखे रद्द करणारे विधेयक राज्यसभेत मतास आले. बाजूने १४९ आणि विरोधात ७५ मते पडली. एकूण २२४ मतांचे दोन तृतीयांश होतात १४९.३३. एका मताच्या तिसऱ्या हिश्श्याने विधेयक पडले. ‘जवळजवळ झालेच आहे’ असे म्हणून कोणी ते संमत ठरवले नाही. सरकारने मग राष्ट्रपतींच्या आदेशाने संस्थानिकांची मान्यता काढून घेतली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. अखेर १९७१ साली रीतसर घटनादुरुस्ती होऊन तनखे गेले. आडवाटेने जे साधले नाही ते नियमाच्या वाटेने वर्षभरात साधले.

धर्मादाय संस्थांनाही असे विशेष बहुमत लागू असते. महाराष्ट्रातील कित्येक संस्था १८६०च्या संस्था नोंदणी अधिनियमाखालीही नोंदलेल्या आहेत. त्या अधिनियमाच्या कलम १२ प्रमाणे संस्थेचा उद्देश बदलावयाचा किंवा संस्था दुसरीत विलीन करावयाची असेल, तर लेखी प्रस्ताव विशेष सभेच्या दहा दिवस आधी प्रत्येक सभासदाकडे पोहोचवावा किंवा टपालाने पाठवावा लागतो. त्याला तीन पंचमांश सभासदांची मते लागतात आणि एका महिन्याच्या अंतराने होणाऱ्या दुसऱ्या विशेष सभेत हजर असलेल्यांपैकी तीन पंचमांशांनी तो कायम करावा लागतो. हे महिन्याचे अंतर फार अर्थपूर्ण आहे. पहिल्या सभेतील उत्साह ओसरल्यावरही जे पटते तेच टिकाऊ, असा कायद्याचा अनुभव आहे.

मते समसमान पडली तर? येथे अध्यक्षपदाची खरी कसोटी लागते. अनुच्छेद १०० नुसार सभागृहाचे अध्यक्ष प्रथमतः मत देत नाहीत. मते समान झाली तरच त्यांना निर्णायक मत असते. सप्टेंबर १९२८ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात सार्वजनिक सुरक्षा विधेयक विचारात घेण्याच्या प्रस्तावावर ६१ विरुद्ध ६१ अशी मते पडली. अध्यक्षस्थानी विठ्ठलभाई पटेल होते. त्यांनी आपले निर्णायक मत विरोधात दिले आणि सरकारचे ते विधेयक तेथेच थांबले. इतका असाधारण कायदा हवा असेल तर त्यासाठी सभागृहाचे स्वतःचे बहुमत मिळवावे, एका अध्यक्षाच्या मतावर तो उभा राहू नये, अशी त्यांची भूमिका होती. ब्रिटिश संसदेतही एकोणिसाव्या शतकात अध्यक्ष डेनिसन यांच्या नावाने हाच संकेत रूढ झाला : बदलाच्या बाजूला बहुमत नसेल तर अध्यक्षाने आपल्या मताने ते निर्माण करू नये. ३ एप्रिल २०१९ रोजी ब्रिटनच्या लोकप्रतिनिधी सभागृहात ३१० विरुद्ध ३१० असा तिढा पडला, तेव्हा अध्यक्ष जॉन बर्को यांनी याच संकेतानुसार ‘नाही’च्या बाजूने मत दिले.

संस्थांच्या सभेत या बाबतीत दोन गैरसमज आढळतात. पहिला असा की, प्रत्येक अध्यक्षाला निर्णायक मत असतेच. तसे नाही, संस्थेच्या घटनेत ते दिलेले असेल तरच असते, अन्यथा समसमान मतांचा ठराव नामंजूर होतो. दुसरा असा की, निर्णायक मत ही अध्यक्षाच्या पसंतीची बाब आहे. विठ्ठलभाईंचे उदाहरण सांगते की ती त्याच्या संयमाची बाब आहे. २००८ सालच्या त्याच विश्वासदर्शक प्रस्तावाच्या वेळी लोकसभेचे अध्यक्ष सोमनाथ चटर्जी यांनी पक्षाच्या इच्छेप्रमाणे पद सोडले नाही आणि सभागृहाचे कामकाज चालवले. दुसऱ्याच दिवशी पक्षाने त्यांना काढून टाकले. अध्यक्षाची खुर्ची ही कोणत्याही एका बाजूची नसते, हे सांगण्यासाठी कधी कधी किंमत मोजावी लागते.

आणखी एक नियम आपल्या संस्थांना विशेष लागू पडतो. एखाद्या प्रश्नात सभासदाचा वैयक्तिक, आर्थिक किंवा प्रत्यक्ष हितसंबंध असेल तर त्याच्या मतावर लोकसभेत आक्षेप घेता येतो आणि अध्यक्ष त्यावर निर्णय देतात. छोट्या समाजात नातीगोती सर्वदूर असतात. बांधकामाचा ठेका भाच्याला, दुकानाचा गाळा व्याह्यांना, असे प्रसंग येणारच. त्यात लबाडीच असते असे नव्हे. ज्याचा संबंध आहे त्याने तो आधी सांगावा आणि त्या विषयापुरते मतदानातून बाजूला राहावे. तेवढ्याने ठरावावरील आक्षेपाचे निम्मे बळ नाहीसे होते.

सभा संपली तरी मतदान संपत नाही. ते इतिवृत्तात उतरावे लागते. सूचक, अनुमोदक, ठरावाचे अचूक शब्द, बाजूची, विरोधातील आणि तटस्थ मते, आणि कोणी मागणी केल्यास विरोध करणाऱ्याचे नाव, इतके लिहिले म्हणजे पुरे. एका मताचा विरोध झाला असेल तर ‘सर्वानुमते’ न लिहिता ‘बहुमताने’ लिहावे. त्यात संस्थेची अप्रतिष्ठा नाही. मागील इतिवृत्त कायम करताना ते बरोबर लिहिले आहे की नाही एवढेच पाहावयाचे असते. झालेल्या निर्णयावर तेथे पुन्हा वाद घालावयाचा नसतो. ज्याला निर्णय बदलावयाचा आहे त्याने नवा ठराव रीतसर विषयपत्रिकेवर आणावा. लोकसभेत तर एकदा निर्णय झालेला प्रश्न त्याच अधिवेशनात पुन्हा आणता येत नाही. तसेच ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय’ या शेवटच्या सदराखाली जमिनीची विक्री किंवा विश्वस्तांची निवड यांसारखे विषय घुसवू नयेत. जो सभासद विषयपत्रिका वाचून, ‘आज काही महत्त्वाचे नाही’ असे समजून घरी राहिला, त्याच्याही हक्काचे रक्षण सभेला करावयाचे असते.

महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम २२ प्रमाणे विश्वस्तांमधील किंवा अन्य नोंदींमधील बदल ९० दिवसांत कळवावा लागतो. त्या चेंज रिपोर्टला कोणी हरकत घेतली की चौकशीत सभेची सूचना, हजेरीपट आणि इतिवृत्त यांची छाननी होते. तेथे टाळ्यांचा गजर पुरावा म्हणून चालत नाही. मोजलेली मते चालतात. ज्या संस्थांनी आपली वही नीट लिहिली त्यांचे वाद लवकर मिटतात. ज्यांनी लिहिली नाही त्यांची प्रकरणे वर्षानुवर्षे चालतात आणि देणगीदारांचा पैसा वकिलांच्या फीमध्ये जातो.

काहींना वाटेल की, एवढी काटेकोर रीत आपलेपणाच्या सभेत कशाला? उत्तर असे की, आपलेपणा टिकावा म्हणूनच. मतदानात हरलेला सभासद दुसऱ्या दिवशी त्याच पंगतीत जेवावयास बसणार असतो. आपले म्हणणे ऐकले गेले, आपले मत मोजले गेले आणि आपण कमी पडलो ते संख्येने, दडपणाने नव्हे, एवढी खात्री त्याला असेल तर तो निर्णय आपला मानून कामाला लागतो. ती खात्री नसेल तर तो एक तर येणे सोडतो, नाहीतर न्यायालयाची पायरी चढतो. आणि दोन्ही प्रकारांत संस्था एक माणूस गमावते.

सुवर्ण महोत्सवाच्या या वर्षी पहिल्या पिढीने लिहिलेली इतिवृत्ते तरुण सभासदांनी एकदा अवश्य उघडावीत. त्यांतील कोणत्या ठरावावर मतभेद झाला होता, तो कसा मिटला आणि विरोध करणारी माणसे पुढे संस्थेच्या कोणत्या कामात दिसतात, हे पाहावे. पुढची पन्नास वर्षे जी वही लिहिली जाईल, तिच्यात ‘सर्वानुमते’ हा शब्द जेव्हा जेव्हा येईल तेव्हा तो खरा असावा, आणि जेव्हा तो खरा नसेल तेव्हा विरोधातील आकडा स्वच्छ अक्षरांत लिहिलेला असावा, एवढी सदिच्छा व्यक्त करून हे व्याख्यान येथे पूर्ण होत आहे.

जय जिनेंद्र.